पेंढीसमोरची काच

९ नोव्हेंबर

हाल्स्टेनला आज रुग्णालयातून घरी आणलं. जिना चढणं आता जमणार नाही, म्हणून खालची पूर्वेकडची खोली त्याला दिली. पलंग, कमोडची खुर्ची, औषधांचा ट्रे, सगळं दुपारपर्यंत लावून झालं. रुग्णवाहिकेच्या माणसांनी कॉफी घेतली आणि रस्ता गोठायच्या आत निघून गेले.

ही वही नोंदींसाठी घेतली आहे. वाचा सुधारायला शिकवणारी मारेन दर आठवड्याला येणार आहे. वयाने माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलींएवढीच असेल. ती म्हणाली, काय काय घडतं ते लिहून ठेवा, थोडकी प्रगती डोळ्यांना दिसत नाही. बरोबर आहे. शाळेतही मी हेच करत असे.

परिस्थिती अशी आहे. पक्षाघाताने उजवा हात आणि पाय गेला आहे. वाचा गेली आहे, एक शब्द सोडून. तो शब्द "हो". पाणी हवं का, हो. नको का, हो. तुझं नाव काय, हो. डॉक्टर म्हणाले, असा एखादा शब्द उरतो, त्यावरून काही ठरवू नका. मधूनमधून डोळ्यांतून पाणी येतं, तोही आजाराचाच भाग. त्यालाही अर्थ नसतो.

दूधसंघाच्या कचेरीत त्याने जन्मभर हिशेब तपासले, पण या खोऱ्यात त्याला ओळखतात ते कवितांमुळे. दर हिवाळ्यात, दर शनिवारी, आमच्या वर्तमानपत्रात त्याची पक्ष्यावरची एक छोटी कविता येते. लोक ती कापून फ्रिजवर चिकटवतात. मी वाचून, छाटून दिल्याशिवाय एकही छापायला गेलेली नाही.

बर्फ वितळायच्या आत तो एक कविता तोंडाने म्हणेल. हे मी ठरवलं आहे. आणि तसं त्याला सांगितलं.

"हो," म्हणाला.

१२ नोव्हेंबर

ओड्नी आली, काखोटीला रंगांच्या कार्डांची चळत. गावातलं रंगांचं आणि पडद्यांचं दुकान तिने विकलं, पण दुकान तिच्यातून गेलेलं नाही. ती कोणाच्याही घरात शिरली की आधी भिंती बघते आणि मग माणसं.

तिने दारातूनच खोलीवर नजर टाकली आणि म्हणाली, "हेडबाई, या पिवळ्या भिंतीत धडधाकट माणूससुद्धा कावीळ झाल्यासारखा दिसेल. आणि हा गालिचा? झालरीत पाय अडकून उद्या हा पडला तर मला बोलावू नकोस."

मी म्हटलं, पिवळा रंग उबदार वाटतो. ती म्हणाली, उबेसाठी शेगडी असते. भिंतीला करडा घे, त्यात किंचित हिरवा. सकाळचा उजेड त्यावर छान पसरतो आणि रात्री रंग डोळ्यांवर येत नाही. आर्वेच्या खोलीला तिने तोच दिला होता.

आर्वे तिचा नवरा. दोन हिवाळ्यांपूर्वी गेला.

ती बोलते फार, पण तिला त्यातलं कळतं. करडा घ्यायचं ठरलं. हाल्स्टेनलाही कार्ड दाखवलं. हो म्हणाला.

१९ नोव्हेंबर

भिंती झाल्या. दोन हात दिले, दोघींनीच. ओड्नी शिडीवर, मी खाली कडांना. हाल्स्टेन तेवढे दिवस बैठकीत. वास जावा म्हणून खिडकी उघडी ठेवली तर घरात दात वाजायला लागले.

काम संपल्यावर ओड्नी स्वयंपाकघरात बराच वेळ ब्रश धूत बसली. म्हणाली, रंग लावताना माणूस कमी विचार करतो. मी म्हटलं, रंग लावताना मी पुष्कळ विचार केला, अख्खा आठवड्याचा कार्यक्रम आखला. ती माझ्याकडे बघून हसली, का ते कळलं नाही.

मारेनचा धडा: पक्ष्यांची चित्रं दाखवायची आणि नाव उच्चारायचा प्रयत्न करवायचा. वल्गुली, हो. कावळा, हो. भारीट, हो. दोम्पापचं चित्र आलं तेव्हा, तो काळ्या टोपीचा, लाल छातीचा गुबगुबीत पक्षी, त्याने डाव्या हाताचं बोट चित्रातल्या लाल छातीवर ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. मी पुढचं चित्र काढलं, कारण वीस मिनिटांत संच पुरा व्हायला हवा.

जाताना मारेन म्हणाली, "हो-नाहीचे प्रश्न विचारू नका. त्यांचं हो म्हणजे होकार नाही. डोळे बघा, हात बघा."

मी तिला सांगितलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच आमचं एकमत होतंय, ते मोडू नका. ती हसली नाही. या पिढीला विनोद कळत नाही.

२३ नोव्हेंबर

खिडकीचा प्रश्न. जुनी खिडकी सहा लहान तावदानांची, मध्ये जाड लाकडी पट्ट्या, आणि आतून क्रोशाचा पडदा. पडदा हाल्स्टेनच्या आईने विणलेला, जाळीला चहासारखा रंग आलेला. लग्नानंतर काही वर्षांनी त्याने तो माळ्यावरून काढला आणि स्वतः खिळे ठोकून लावला. आईची आठवण म्हणून, असं मी समजत आले. मला तो कधी आवडला नाही. पण एका पडद्यावरून काय भांडायचं.

ओड्नी म्हणाली, "अगं, ही खिडकी आहे की कोंबड्यांचं खुराडं? दिवसभर पडून राहणाऱ्या माणसाला आभाळ तरी दिसू दे."

तिच्या मते एकच अखंड काच बसवावी, पडदा अजिबात नको, खिडकीच्या पाटावर एक दिवा. हल्ली सगळीकडे असंच करतात. आभाळ, नाताळात पक्ष्यांसाठी बांधतो ती पेंढी, पक्षी, सगळं थेट खोलीत येईल.

मला पटलं. पक्षी दिसले तर शब्द येतील, हा साधा विचार आहे. हाल्स्टेनजवळ जाऊन विचारलं, पडदा काढू का? हो. मोठी काच लावू का? हो, हो, हो. प्रत्येक वेळी आवाज चढत गेला. डावा हात पांघरुणावर आपटत होता. आजारी पडल्यापासून इतका उत्साह मी पाहिला नव्हता.

१ डिसेंबर

कोल्बैन सुतार येऊन खिडकी बसवून गेला. हा माझा विद्यार्थी. आता डोक्यावर केस नाहीत, तरी माझ्यासमोर टोपी हातात धरूनच उभा राहतो. काच इतकी स्वच्छ बसली की तो स्वतःच काढलेली जुनी चौकट उचलून बाहेर द्यायला गेला आणि कपाळ आपटून घेतलं.

"बाई, शपथ, मला वाटलं अजून काच बसवायचीच आहे," म्हणाला. मी म्हटलं, कोल्बैन, तू चौथीतही असाच होतास. ओड्नी खुर्चीत पडून हसली. मीही हसले. हाल्स्टेन हसला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

पडदा ओड्नीने घडी घालून नेला. फडकी होतील म्हणाली.

९ डिसेंबर

वर्तमानपत्राच्या संपादकाचा फोन. शनिवारची जागा रिकामी जाते आहे, वाचक विचारतात, जुनी कविता पुन्हा छापू का? मी म्हटलं, नको. नवी मिळेल, थोडा धीर धरा.

सध्या पद्धत बदलली आहे. मारेन म्हणते, पाठ असलेली कविता आणि गाणं मेंदूत दुसऱ्या कोपऱ्यात राहतं. रोजची भाषा गेली तरी ते कधीकधी टिकतं. त्यांच्याबरोबर गा, म्हणाली. मी गाणार नाही. पण त्याच्या कविता वाचते, ओळीचा शेवटचा शब्द सोडते आणि थांबते. वर्गात उजळणी अशीच घेत असे. दोम्पापची त्याची सगळ्यात प्रसिद्ध, तिथून सुरुवात केली.

लाल छातीचा पाहुणा आला,
पेंढीवर बसला, दाणा टिपला.
पांढऱ्या दिवसाला एक ठिपका,
तेवढ्यावर हिवाळा निभावला.

तो ऐकतो, ओठ हलतात, आणि शेवटी हो.

या कवितेला आणखी एक कडवं होतं. ते मी तेव्हाच काढलं. शनिवारी सकाळी वाफल खाताना लोकांना मेलेला पक्षी नको असतो. त्याने वाद घातला नाही. त्यानंतर त्याच्या कवितांत पक्षी मेले नाहीत.

२४ डिसेंबर

पेंढी उभी केली. ओटची, दाणेदार, शेजारच्या शेतातली. जेवायला बसायच्या आधी ती खांबावर चढलीच पाहिजे. पक्षी जेवल्याशिवाय माणसांनी पानावर बसायचं नाही, आणि पहिल्या दिवशी जितके जास्त पक्षी येतील तितकं वर्ष चांगलं. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण पेंढी बांधते.

दरवर्षी खांब सफरचंदाच्या झाडाजवळ असतो. या वर्षी मी तो कोल्बैनकडून खिडकीच्या समोर आणवला, पलंगावरून मान न वळवता दिसेल असा. खड्ड्यात पाणी ओतलं, तासाभरात गोठून खांब असा पक्का झाला की वसंतापर्यंत हलायचा नाही.

उजेड होता होता पक्षी आले. आधी वल्गुली, मग पिवळ्या भारिटींचा थवाच, आणि शेवटी दोम्पापची जोडी. मी हाल्स्टेनला उशा लावून बसवलं. म्हटलं, बघ, चांगलं वर्ष जाणार. त्याने बघितलं. चेहऱ्यावर खरोखर काहीतरी उमटलं. मग बाहेर धप्प असा आवाज झाला. छपरावरून बर्फ घसरलं असावं.

नंतर तो जेवलाच नाही. तांदळाच्या खिरीतला एकुलता बदाम, नशीबवानाला मिळतो तो, मी त्याच्या वाटीत ठेवला होता. तो तसाच राहिला.

२८ डिसेंबर

तो आवाज बर्फाचा नव्हता. खिडकीखाली एक वल्गुली पडलेली मिळाली, काल एक भारीट. हिवाळ्यात पक्षी मरतातच, अशक्त झालेले असतात. काचेवर पंखांचा ठसा उमटतो, पीठ सांडल्यासारखा. तो रोज पुसून घेते.

जमीन दगडासारखी असल्याने पुरता येत नाहीत. पावाच्या जुन्या डब्यात ठेवून डबा लाकडांच्या खोपीत ठेवला आहे. हाल्स्टेनला यातलं काही कळता कामा नये. सकाळी तो जागा व्हायच्या आत बाहेर जाऊन उचलते.

ओड्नीलाही बोलले नाही. आपला सल्ला चुकला असं उगाच मनात घेईल. सल्ला चुकलेला नाही, खोलीत दुपारी तीनपर्यंत दिव्याशिवाय वाचता येतं.

६ जानेवारी

मारेन आज धडा अर्धा सोडून त्याच्याकडे बघत बसली. मला म्हणाली, "ते खिडकीकडे बघून डोळे असे घट्ट का मिटतात?"

उजेड, मी म्हटलं. इतका उजेड त्याला सवयीचा नाही.

"मग पडदा?"

मी तिला सांगितलं की अंधारात ठेवून कोणाची वाचा परत आलेली मी ऐकली नाही. तिचं वय लहान आहे, पण मला ती आवडू लागली आहे. चुकीचं बोलते, पण नजर चुकवत नाही.

१० जानेवारी

काल पक्ष्यांना दाणा घालणं बंद करावं असा विचार मनात आला. आज काढून टाकला. एकदा हिवाळ्यात घालायला सुरुवात केली की बर्फ वितळेपर्यंत थांबायचं नाही, हे इथे पोरासोरांना माहीत असतं. आपल्या भरवशावर ते दुसरीकडे जात नाहीत, आणि आपण मधेच हात आखडला तर एका थंड रात्रीत मरतात. खांब हलवावा तर कुऱ्हाडीशिवाय निघणार नाही, आणि कुऱ्हाड चालवणारा माणूस पलंगावर आहे. कोल्बैन शहरात कामाला गेला आहे, महिनाअखेर येईल.

काही नाही. थंडी कमी झाली की सगळं ठीक होईल.

१५ जानेवारी

हाल्स्टेन आता सगळा दिवस भिंतीकडे तोंड करून पडतो. त्याला वळवलं की डाव्या हाताने पलंगाची कड धरून पुन्हा फिरतो. एवढी शक्ती आहे, ही प्रगती म्हणून लिहावी. पण तोंड फिरवून पडलेल्या माणसाला चित्रं कशी दाखवायची?

ओड्नीला सांगितलं. तिने लगेच उपाय काढला. "पलंगापलीकडच्या भिंतीवर मोठा आरसा लाव. उजेड दुप्पट होतो, खोली मोठी वाटते, आणि त्याने कुठेही तोंड फिरवलं तरी बाग समोर." तिच्याकडे दुकानातला एक आहे, पातळ सोनेरी कडेचा. उद्या आणते म्हणाली.

मग कॉफीचा कप फिरवत बसली. तिला निघायचं नव्हतं. म्हणाली, "आर्वेच्या वेळी मी ती भिंत तीनदा रंगवली. एकदा हिरवी, एकदा पांढरी, मग ती करडी. मला वाटायचं, रंग वाळेपर्यंत तरी हा जाणार नाही."

मी म्हटलं, "ओड्नी, मी ही खोली बऱ्या होणाऱ्या माणसासाठी लावते आहे."

"हो गं," ती म्हणाली. "माहीत आहे मला." आणि माझ्या हातावर हात ठेवला. तिला असं हात ठेवायची सवय आहे. मला नाही.

१७ जानेवारी

आरसा लागला. खरोखर सुंदर दिसतो. दारातून पाहिलं तर खोलीच्या आत दुसरी बाग, दुसरी पेंढी, दुसरं आभाळ. बाहेरून पाहिलं तर घरातून आरपार जाता येईल असं वाटतं.

२० जानेवारी

आरसा लावल्यापासून पक्षी जास्त पडत आहेत. एरवी आवाज हलका असायचा. आता लांबून वेगात येतात. आज दोन दोम्पाप, नर, बर्फावर लाल. एक अजून हलत होता. मी तो हातमोज्यात घेऊन खोपीत नेला आणि तो हलायचा थांबेपर्यंत तिथे उभी राहिले, मग त्यालाही डब्यात ठेवला.

आत आले तर हाल्स्टेन आरशाकडे बघत होता. मी विचारलं, छान दिसतंय ना सगळं?

"हो," म्हणाला. इतक्या हळू की मला पुन्हा विचारावं लागलं.

२९ जानेवारी

कोल्बैन आला. खांब हलवायला म्हणून बोलावला होता, पण त्याने कुऱ्हाडीचे दोन घाव घातले, आणि लाकूडच चिरायला लागलं. मी म्हटलं, राहू दे. पेंढी मोडली तर काय घालणार?

मधल्या दिवसांत हाल्स्टेनला ताप होता. गिळायला त्रास होतो. जिल्ह्याची परिचारिका घसा बघून गेली आणि बाहेर मला म्हणाली, आता धडे थोडे कमी केले तरी चालतील. मला अशी सूट द्यायची सवय नाही. शाळेत मुलं तापातून उठली की मी त्यांची राहिलेली उजळणी आधी घेत असे.

आज तीन कविता वाचल्या. ओठ हलले नाहीत.

११ फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी दहाच्या सुमारास दोम्पापची कविता घेतली. मी पलंगाशेजारी, पाठ खिडकीकडे. तो आरशाकडे तोंड करून. पहिल्या तीन ओळी वाचल्या, चौथी अर्धी सोडली. तेवढ्यात काचेवर आवाज झाला, मोठा. मी मागे वळले नाही. धडा चालू असताना मी मागे वळत नाही. म्हटलं, "तेवढ्यावर हिवाळा..." आणि थांबले.

तो बोलला. स्पष्ट, प्रत्येक शब्द सुटा, त्याच्या स्वतःच्या आवाजात, जो मी ऑक्टोबरपासून ऐकला नव्हता.

काचेला लागला, बर्फात पडला.
उचलला तेव्हा ऊब होती.

ते काढलेलं कडवं. कुठेही छापलेलं नाही, कुठेही लिहून ठेवलेलं नाही. शाळेच्या मोठ्या खिडकीला तेव्हा एक दोम्पाप आपटला होता, आणि हा मला न्यायला आलेला, दारात तो मुठीत धरून उभा होता. आईचा पडदा त्याने त्याच आठवड्यात माळ्यावरून काढला.

मी आरशात पाहिलं. त्याच्या उशीवरून आरशात काय काय दिसतं ते मी आजवर पाहिलं नव्हतं. सगळं दिसतं. पेंढी, काच, काचेखालचं बर्फ, त्यावर आत्ताच पडलेला तो लाल ठिपका. आणि खोपीकडे जाणारी माझी वाट, अख्खी, पावलांसकट.

पुढच्या दोन ओळी त्याने म्हटल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिला. मी त्या म्हणायला हव्या होत्या की काय. मी उठले, आरसा खिळ्यावरून उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून जिन्याखाली ठेवला. एकटीने. जड आहे.

मग ओड्नीला फोन केला आणि पडद्याची फडकी केलीस का, असं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "इस्त्री करून ठेवलाय. आणू?"

११ फेब्रुवारी, संध्याकाळी

ओड्नी बर्फावरून ढकलायची घसरगाडी घेऊन आली, पुढच्या बैठकीवर पडदा, टॉवेलात गुंडाळलेला. खोपीतला डबा मी तिला दाखवला. तिने झाकण उघडलं, बघितलं, बंद केलं.

"काच मी सांगितली," म्हणाली.

मी म्हटलं, लावली मी.

"आरसापण मीच आणला."

"ओड्नी, खिळे दे."

पडदा नव्या चौकटीला आखूड पडतो. खालचा भाग उघडा राहत होता, तिथे तिने तिच्या शालीची विणलेली जाळी टाचली. रंगाला रंग लागत नाही. दुकानात कोणी असं केलं असतं तर तिने त्याला हाकलून दिलं असतं. पेंढीवरचे पक्षी आता जाळीतून दिसतात, तुकड्या-तुकड्यांनी.

हाल्स्टेनला खिडकीकडे वळवलं. त्याने कड धरली नाही. बराच वेळ बघत होता.

मी विचारलं, बरं वाटतंय का? काही बोलला नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. हो सुद्धा नाही.

१४ फेब्रुवारी

त्या दिवसानंतर एकही शब्द नाही. मारेनला सांगितलं, दोन ओळी आल्या आणि मग होता तोही शब्द गेला. अधोगती म्हणून नोंदवायची का? ती म्हणाली, मला नाही वाटत. "त्यांना आता काही सांगायचं उरलं नसेल."

चित्रं तिने पिशवीतून काढलीच नाहीत. त्याच्याजवळ बसली आणि हळू आवाजात काहीतरी गुणगुणत राहिली. मी अडवलं नाही. तो झोपला.

आज काचेखाली काही नाही. काल नव्हतं, परवाही नव्हतं.

२० फेब्रुवारी

रात्रीची थंडी फार वाढली आहे. पेंढी जवळजवळ रिकामी झाली, शेजाऱ्यांकडून दुसरी आणून बांधली. हाल्स्टेन पाणी चमच्याने घेतो. परिचारिका रोज येते. धडे बंद केले. मी. कोणी सांगितलं म्हणून नाही.

दुपारी त्याच्याजवळ नुसती बसते. शेवटी काय करायचं ते न ठरवता एका जागी बसणं मला जमत नाही. आज थोडं जमलं.

२ मार्च

हाल्स्टेन आज सकाळी गेला. भारिटी आलेल्या होत्या.

मी त्याचा डावा हात धरला होता. परिचारिका येईपर्यंत धरूनच होते. बराच वेळ ऊब होती. माझी असेल.

५ मार्च

ओड्नी आली आणि पहिल्यांदाच भिंतींकडे पाहिलं नाही. सोबत मटणाचं सूप आणलं होतं. खाऊन झाल्यावर तिने विचारलं, खोलीचं काय करशील? पुन्हा रंगवायची का, पिवळी?

मी म्हटलं, नको. राहू दे आहे तशी.

"पडदा तरी नीट करू. खालून लटकतोय."

राहू दे, म्हटलं.

मग दोघी मिळून डबा घेऊन बाहेर गेलो. झाडाखालची जमीन अजून खणता येत नाही. दफनभूमीत हाल्स्टेनसाठी त्यांनी गरम पट्ट्या टाकून दोन दिवस जमीन वितळवली, म्हणून जमलं. डब्याला थांबावं लागेल. पेंढीत अजून दाणा आहे. बर्फ वितळेपर्यंत मी तो संपू देणार नाही.

७ मार्च

संपादकांचा फोन. शनिवारी हाल्स्टेनची दोम्पापची कविता छापायची आहे, पहिल्या पानावर, काळ्या चौकटीत. मी म्हटलं, कविता अर्धीच छापली होती. दुसरं कडवं लिहून घ्या. आणि फोनवरच सांगितलं, चारही ओळी.

काचेला लागला, बर्फात पडला.
उचलला तेव्हा ऊब होती.
मी मूठ मिटून उभा राहिलो,
माझी होती की त्याची होती?

लिहून झाल्यावर ते जपून म्हणाले, राग्नफ्रिडबाई, तुमच्या दुःखात बोलू नये, पण शनिवारची सकाळ असते, लोक वाफल खात असतात. मेलेला पक्षी. नक्की छापायचं ना हे?

मला पुष्कळ काही सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं.

"हो," म्हटलं.